मणक्यात वाढ आणि हातात घट : हाडांच्या औषधाचा परिणाम जागोजागी वेगळा का दिसतो?

प्रश्न : रामबागी, इंदूर

नमस्कार मंडळी. आईच्या हाडांच्या तपासणीचे दोन अहवाल समोर ठेवून गेले चार दिवस मी आकडेमोड करीत आहे आणि जितकी करतो तितका गोंधळ वाढतो आहे, म्हणून येथे विचारतो.

आई ६९ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मागच्या अंगणातल्या ओल्या फरशीवर पाय घसरून ती उजव्या हातावर पडली आणि तिचे मनगट मोडले. उभ्या उभ्या पडण्याने हाड मोडायला नको होते, असे म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी, तपासणी करायला सांगितली. तेव्हाचे टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या सरासरी घनतेपासूनचे अंतर (उणे २.५ किंवा त्याखाली गेले की हाडे ठिसूळ मानतात), असे होते : कमरेचा कणा उणे ३.०, मांडीच्या हाडाची मान उणे २.४ आणि डावा, म्हणजे न मोडलेला, हात उणे २.८. तेव्हापासून अॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा चालू आहे आणि जोडीला कॅल्शियम व ड जीवनसत्त्व आहे. गोळीचा वार रविवार. उठल्याबरोबर रिकाम्या पोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची, मग अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि चहासुद्धा घ्यायचा नाही. इंदूरच्या घरात रविवारी सकाळी पोहे-जिलबी समोर येऊन निवत असते आणि आई झोपाळ्यावर बसून घड्याळाकडे बघत असते. पण दोन वर्षांत एकही रविवार चुकलेला नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

गेल्या महिन्यात तपासणी पुन्हा केली. आधीच्या केंद्रातले यंत्र त्या आठवड्यात बंद होते, म्हणून त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे यंत्र असलेल्या दुसऱ्या केंद्रात गेलो. कण्याच्या घनतेत ७.२ टक्के वाढ, संपूर्ण खुब्यात २.१ टक्के वाढ, मांडीच्या हाडाच्या मानेत ०.९ टक्के वाढ आणि हाताच्या हाडात १.४ टक्के घट, असा निष्कर्ष निघाला. डॉक्टर ‘छान आहे, चालू ठेवा’ एवढेच म्हणाले. बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे मीही पुढे काही विचारले नाही. मात्र पुण्याच्या मावसभावाचे म्हणणे असे, की गोळी लागूच पडलेली नाही, कारण जे हाड मोडले तेच आणखी पातळ झाले. त्याच्या सासूबाईंना सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू आहे आणि ते म्हणे ‘दुप्पट ताकदीचे’ आहे.

मग मी या औषधांच्या मोठ्या चाचण्यांतले आकडे वहीत उतरवून काढले. औषध न मिळालेल्या गटाच्या तुलनेत अॅलेंड्रोनेटने तीन वर्षांत कण्याची घनता ८.८ टक्के आणि मानेची ५.९ टक्के वाढली. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रोनिक अॅसिडने तीन वर्षांत कणा ६.७ आणि खुबा ६.० टक्के वाढला. डेनोसुमॅबने तितक्याच काळात कणा ९.२ आणि खुबा ६.०. रोज टोचायच्या टेरिपॅराटाइडने पावणेदोन वर्षांच्या आसपास कणा ९ आणि मान जेमतेम ३. रोमोसोझुमॅब या आणखी एका इंजेक्शनने तर एकाच वर्षात कणा १३ टक्क्यांहून जास्त आणि खुबा सुमारे ७ टक्के.

माझे विचारणे असे आहे. औषध तर रक्तातून सगळीकडे जाते, मग एकाच बाईच्या कण्याला ते मानवते आणि हाताला मानवत नाही, हे कसे? या आकड्यांवरून औषधांची क्रमवारी लावता येते का? आणि जे हाड मोडले तिथेच घट दिसत असेल, तर औषध बदलण्याचा आग्रह आम्ही डॉक्टरांकडे धरावा का?

उत्तर : काळापांढरा

मी डेक्सा यंत्रावर बरीच वर्षे काम केलेले आहे. औषधांविषयी अधिकाराने बोलण्याची माझी पात्रता नाही, पण औषधापर्यंत जाण्याआधी हे आकडे यंत्रातून कसे बाहेर पडतात ते एकदा पाहून घ्यावे.

एकाच माणसाला टेबलावरून उठवून, पुन्हा झोपवून, पाच मिनिटांत दुसऱ्यांदा मोजले तरी आकडा हुबेहूब तोच येत नाही. म्हणून प्रत्येक केंद्राने आपल्या यंत्राची आणि आपल्या तंत्रज्ञाची चूक स्वतः मोजून ठेवायची असते आणि तिच्यावरून ‘किमान किती फरक पडला तर तो खरा मानायचा’ ही मर्यादा काढायची असते. हाडांची घनता मोजण्याचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या मर्यादेला जी कमाल सूट दिली आहे ती कण्यासाठी ५.३ टक्के, संपूर्ण खुब्यासाठी ५.० टक्के आणि मांडीच्या हाडाच्या मानेसाठी ६.९ टक्के आहे. चांगल्या केंद्रात ती यापेक्षा बरीच कमी असते. तरीसुद्धा तुमच्या आईंच्या मानेतली ०.९ टक्के वाढ आणि हातातली १.४ टक्के घट या दोन्हींना आमच्या भाषेत एकच शब्द आहे : बदल नाही. शिवाय दोन केंद्रांची यंत्रे एकाच कंपनीची असली, तरी ती एकमेकांशी पडताळून घेतलेली नसतील तर टक्केवारी काढणेच मुळात धाडसाचे आहे.

मानेचा आकडा सर्वांत चंचल असतो, कारण तिथे मोजायचा तुकडा लहान असतो आणि पाय किती आत वळवला आहे यावर त्याचा आकार बदलतो. पाऊल त्रिकोणी ठोकळ्याला पट्ट्याने बांधतात ते एवढ्यासाठीच. ज्यांचे सांधे आखडलेले असतात त्यांचा पाय पुरेसा वळत नाही आणि दोन तपासण्यांत तो वेगवेगळा वळला, तर औषधाचा काही संबंध नसताना आकडा हलतो. म्हणून औषधाचा परिणाम पाहताना मानेपेक्षा संपूर्ण खुब्याचा आकडा धरतात.

मावसभावांच्या मुद्द्यात तर एक साधीच गफलत आहे. आईंचे मोडले उजवे मनगट आणि मोजला डावा हात. त्यातही मनगट मोडते ते हाडाच्या अगदी टोकाशी, आणि यंत्र ज्या ‘एक-तृतीयांश’ जागेवर मोजते ती त्या टोकापासून बरीच वर असते. दोन्ही ठिकाणच्या हाडाचा पोत निराळा असतो. ‘जे हाड मोडले तेच पातळ झाले’ असे या अहवालात कुठेही लिहिलेले नाही.

आता माझी एक शंका. कण्याची ७.२ टक्के वाढ मला जरा जास्त वाटते. दोन्ही अहवालांत कोणकोणते मणके धरले आहेत ते बघा. नेहमी कमरेचे पहिले चार मणके, म्हणजे एल-१ ते एल-४, धरतात. त्यांतला एखादा खराब असेल किंवा शेजारच्यापेक्षा फारच वेगळा दिसत असेल तर तो वगळतात. एल-१ ची घनता बहुतेकांमध्ये सर्वांत कमी असते, त्यामुळे तो वगळला की उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते. आणि वगळला असेल, तर का वगळला हे अवश्य विचारा. मणका दबून बसला की त्याची घनता वाढलेली दिसते. घडी घातलेली चादर हाताला जाड लागते पण कापड तेवढेच असते, तसा हा प्रकार आहे. औषध चालू असताना मणका दबला असेल, तर ती बाब या सगळ्या टक्केवारीपेक्षा मोठी आहे.

रामबागी, इंदूर

काळापांढरा, तुमचा अंदाज खरा ठरला. पहिल्या अहवालात एल-१ ते एल-४ आहेत आणि दुसऱ्यात एल-२ ते एल-४. घनतेचा पहिला आकडा ०.७१२ आहे आणि दुसरा ०.७६३. पहिल्या अहवालात प्रत्येक मणक्याचे क्षेत्रफळ आणि खनिजाचे वजन वेगवेगळे छापलेले आहे, त्यावरून एल-२ ते एल-४ एवढ्यांचीच घनता काढली तर ती ०.७३५ येते. म्हणजे समान मणके धरले तर वाढ ७.२ नव्हे, ३.८ टक्के आहे. माझी निम्मी वाढ एका वजाबाकीत गेली!

दुसऱ्या अहवालातल्या चित्रात एल-१ च्या जागी दोन छोटे, पांढरेशुभ्र गोल ठिपके एकमेकांना चिकटून दिसत आहेत. ते काय असू शकेल?

उत्तर : काळापांढरा

शेजारी शेजारी दोन गोल ठिपके असतील तर धातूची वस्तू पोटावर राहून गेलेली असणार. आईंनी मंगळसूत्र काढले होते का?

रामबागी, इंदूर

नव्हते. आताच विचारले. तिथल्या मुलीने काढायला सांगितले होते, तेव्हा हिने ते पदराखाली सरकवले आणि ‘काढले’ म्हणून सांगितले. बाबा शेजारच्या खोलीत बसलेले असताना गळा मोकळा करणे तिला पटले नाही. त्या वाट्यांनीच एल-१ झाकला.

उत्तर : जुना मास्तर, ग्वाल्हेर

वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. काळापांढरा यांनी यंत्राची बाजू स्वच्छ केली आहे, त्यामुळे मूळ प्रश्नाकडे वळतो. औषध सगळीकडे पोचते हे खरे. पण ते ज्या हाडावर काम करते ते सगळीकडे सारखे नसते.

हाड दोन प्रकारचे असते. एक बाहेरचे घट्ट हाड, ज्याची लांब हाडांची नळी बनलेली असते, आणि दुसरे आतले जाळीदार हाड, ज्याने मणक्यांची पोकळी भरलेली असते. एकात शेंगदाण्याच्या वडीचा घट्टपणा आहे आणि दुसऱ्याला अनारशाची जाळी आहे, असे म्हटले तर चालेल. वजनाने पाहिले तर सांगाड्याचे सुमारे ८० टक्के हाड घट्ट प्रकारचे असते आणि जाळीदार २० टक्केच असते. पण हाडाची मोडतोड आणि दुरुस्ती पृष्ठभागावर चालते, आणि पृष्ठभाग जाळीकडे जास्त. म्हणून जाळीदार हाडाचा सुमारे चौथा हिस्सा दरवर्षी नव्याने घडतो, तर घट्ट हाडाचा जेमतेम ३ टक्के. कमरेच्या मणक्यात जाळीदार भाग मोठा आहे, खुब्यात दोन्हींचे मिश्रण आहे आणि हाताच्या त्या एक-तृतीयांश जागेवर जवळजवळ सगळे हाड घट्ट आहे. आपल्या आईंच्या अहवालातले आकडे कणा, खुबा, हात याच क्रमाने उतरत गेले आहेत, हा योगायोग नाही.

औषध त्यात काय करते, ते रस्त्याच्या कामावरून सांगतो. हाडात दोन टोळ्या कामाला असतात. एक खणणारी, म्हणजे अस्थिभक्षक पेशींची, आणि तिच्यामागून येऊन बुजवणारी, म्हणजे अस्थिजनक पेशींची. पाळी गेल्यानंतर खणणारी टोळी चेकाळते आणि बुजवणारी मागे पडते. अॅलेंड्रोनेट, रिसेड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड हे सगळे बिस्फॉस्फोनेट हाडातल्या खनिजाला चिकटून बसतात आणि खणणारी पेशी ते हाड खायला आली की तिलाच निकामी करतात. डेनोसुमॅब निराळ्या वाटेने जाते, अस्थिभक्षक पेशी तयार होण्यासाठी लागणारा संदेशच ते अडवते, पण परिणाम त्याच दिशेचा : खणणे थांबते. आधी खणून ठेवलेले खड्डे मात्र बुजवणारी टोळी भरत राहते, आणि भरलेल्या जागी पुढे कित्येक महिने खनिज साठत जाते. आता विचार करा. जिथे सगळ्यांत जास्त खड्डे खणून ठेवले होते तिथेच पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यांत जास्त सुधारणा दिसणार. कण्याचा आकडा उडी मारतो तो यामुळे. हाताच्या घट्ट हाडात मुळात खणकामच थोडे, त्यामुळे थांबवून दिसण्याजोगे फारसे काही नसते. तिथे औषधाचे यश म्हणजे वयानुसार होणारी झीज रोखली जाणे.

कालावधी वाढवला की हे आणखी स्पष्ट होते. अॅलेंड्रोनेट दहा वर्षे रोज १० मिलिग्रॅम घेतलेल्या स्त्रियांमध्ये कणा १३.७ टक्के वाढला आणि मांडीच्या हाडाची मान ५.४ टक्के. डेनोसुमॅब दहा वर्षे घेतलेल्यांमध्ये कणा २१.७, संपूर्ण खुबा ९.२ आणि हाताची एक-तृतीयांश जागा २.७ टक्के. दहा वर्षांनी २.७! तेव्हा दोन वर्षांत हातात काही दिसले नाही म्हणून गोळीला दोष देणे योग्य नाही. डेनोसुमॅबने हातात थोडी तरी वाढ दिसते, याचे एक कारण असे मानतात की ते हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसत नाही, रक्तात फिरत राहते, आणि म्हणून घट्ट हाडाच्या आतल्या बारीक पोकळ्यांपर्यंत सहज पोचते.

आपल्या वहीतल्या यादीविषयी. ती मेहनतीने केलेली आहे, पण तिच्यावरून क्रमवारी लावू नये. या चाचण्या वेगवेगळ्या वर्षांतल्या, वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या जोखमीच्या स्त्रियांवर झालेल्या आहेत. एका शाळेचा पहिला नंबर आणि दुसऱ्या शाळेचा पहिला नंबर यांची तुलना व्हावी तसे ते होईल. जिथे दोन औषधे एकाच चाचणीत समोरासमोर उभी केली तिथले आकडे पाहावेत. डेनोसुमॅब आणि अॅलेंड्रोनेट यांची अशी तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली. एका वर्षात संपूर्ण खुबा डेनोसुमॅबने ३.५ टक्के वाढला आणि अॅलेंड्रोनेटने २.६ टक्के. कण्यातला फरक १.१ टक्क्याचा होता आणि हातातला ०.६ टक्क्याचा. डेनोसुमॅब प्रत्येक जागी पुढे आहे, यात शंका नाही. पण ‘दुप्पट ताकद’ कुठे आहे, ते आपल्या मावसभावांनी दाखवावे.

त्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण ती त्यांच्या सासूबाईंच्या हिताची आहे. बिस्फॉस्फोनेट हाडात मुरून राहते, त्यामुळे गोळी काही काळ थांबली तरी परिणाम एकदम ओसरत नाही. डेनोसुमॅबचे तसे नाही. त्याचा अंमल संपला की थोपवून धरलेली खणणारी टोळी एकदम सुटते, कमावलेली घनता झपाट्याने जाते आणि काही रुग्णांत एकापाठोपाठ एक असे अनेक मणके मोडल्याचे नोंदवले गेले आहे. सहा महिन्यांची तारीख चुकवायची नाही, आणि बंद करायचे असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध द्यायची योजना डॉक्टरांकडून आधीच करून घ्यायची.

टेरिपॅराटाइडची गोष्ट अगदी वेगळी आहे आणि औषधशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ती सर्वांत रंजक वाटते. ते बुजवणाऱ्या टोळीला कामाला लावते, पण काही महिन्यांत खणणारीलाही जाग येते. जाळीदार हाडात हा व्यवहार फायद्याचा ठरतो आणि कणा भराभर वर जातो. घट्ट हाडात मात्र आधी नवी छिद्रे पडतात आणि जुन्या, खनिजाने पुरेपूर भरलेल्या हाडाच्या जागी नवे, अजून पुरते न भरलेले हाड येते, म्हणून घनतेचा आकडा खाली जातो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ चाचणीत २० मायक्रोग्रॅमच्या मात्रेने कणा ९.७ टक्के वाढला, मान २.८ टक्के वाढली आणि हाताच्या हाडाच्या मधल्या भागात २ टक्क्यांच्या आसपास घट झाली. आणि तरीही त्याच चाचणीत मणके मोडण्याचे प्रमाण ६५ टक्क्यांनी आणि मणक्यांखेरीज इतर हाडे मोडण्याचे ५३ टक्क्यांनी कमी झाले. हातातली घट पाहून कुणी ते औषध मध्येच सोडले असते, तर त्याचे नुकसानच झाले असते.

मग घनतेचा आकडा निरर्थक का? तसेही नाही. रॅलॉक्सिफीन या हाडांच्या आणखी एका औषधाने तीन वर्षांत कण्याची घनता औषध न मिळालेल्या गटापेक्षा अवघी २.६ टक्के जास्त भरली, तरी मणके मोडणे लक्षणीय कमी झाले, पण खुब्याचे मोडणे कमी झाले नाही. हे पाहिले की आकडा आणि हाड मोडणे यांचे नाते सरळ रेषेचे नाही असे वाटते. परंतु अनेक औषधांच्या चाचण्या एकत्र करून २०१९ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात संपूर्ण खुब्याची घनता जितकी जास्त वाढते तितके हाड मोडणे कमी, हे नाते ठळकपणे दिसले. खुब्यात २ टक्के वाढ झाली तर मणके मोडण्याची जोखीम अंदाजे २८ टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याची १६ टक्क्यांनी उतरते. वाढ ६ टक्के असेल तर ६६ आणि ४० टक्क्यांनी. हे मोठ्या समूहांचे गणित आहे, एकट्या व्यक्तीवर ते जसेच्या तसे बसवू नये. तरी माझ्या मते वहीतला सगळ्यात कामाचा रकाना खुब्याचा आहे. लोक बघतात मात्र कण्याचा, कारण तिथला आकडा मोठा असतो. साठी उलटल्यावर कण्याच्या सांध्यांवर हाडाचे काटे वाढतात, पोटातल्या महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत, चुना साठतो आणि हे सगळे यंत्र हाडातच मोजते, हीसुद्धा त्या मोठ्या आकड्यामागची एक बाजू आहे.

आता आईंविषयी. औषध बदलण्याचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा आहे. माझे मत विचाराल तर समान मणक्यांवर ३.८ टक्के वाढ, खुबा स्थिर किंवा किंचित वर, हात स्थिर आणि दोन वर्षांत नवे हाड मोडलेले नाही, हे गोळी लागू पडत असल्याचेच चित्र आहे. उपचार चालू असताना घनता जागच्या जागी राहिली तरी तज्ज्ञ त्याला यशच मानतात. एल-१ चे कोडे मंगळसूत्राने सुटले असले, तरी पाठीचा बाजूने एक एक्स-रे काढून घ्यावा, असे मी सुचवेन. मणका दबताना प्रत्येक वेळी दुखतेच असे नाही.

उत्तर : बडोद्याची काकू

जुने मास्तर यांनी टेरिपॅराटाइडचे जे वर्णन केले ते मी स्वतःच्या अंगावर अनुभवले आहे, म्हणून लिहिते.

मी सात वर्षे अॅलेंड्रोनेट घेत होते. त्यानंतर एके दिवशी गादी उचलताना पाठीत कळ आली आणि एक मणका दबल्याचे कळले. मग रोजच्या इंजेक्शनचे पेन सुरू झाले. ते फ्रिजमध्ये ठेवायचे, रोज एकाच वेळेला पोटावर किंवा मांडीवर टोचायचे. पहिले काही दिवस टोचल्यावर उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून मी ते रात्री पलंगावर बसूनच घेऊ लागले. वर्षभराने तपासणी केली तेव्हा कण्यात ७ टक्के वाढ होती आणि खुब्यात १.२ टक्के घट. माझे अक्षरशः हातपाय गळाले. एवढे महागाचे औषध, रोजचे टोचणे, आणि ज्या खुब्याची धास्ती तोच उतरला. एका नात्यातल्या मुलीने तर ‘काकू, बंदच करा’ असे सांगून टाकले.

माझ्या डॉक्टरांनी मला कागदावर एक आलेख काढून दाखवला. बिस्फॉस्फोनेट बरीच वर्षे घेतल्यानंतर टेरिपॅराटाइड सुरू केले, की पहिल्या वर्षी खुबा थोडा खाली जातो किंवा जागेवरच राहतो, आणि नंतर सावरू लागतो, असे ते म्हणाले. मला जर पहिल्यापासून कल्पना दिली असती, तर एक महिना झोप उडाली नसती, एवढीच माझी तक्रार आहे. इंजेक्शनचा काळ संपल्यावर त्यांनी लगेच झोलेड्रोनिक अॅसिडची सलाईन दिली. तिने दोन दिवस ताप आला आणि अंग मोडून निघाले. ते पहिल्या वेळी बऱ्याच जणांना होते. नंतरच्या तपासणीत खुबा सुरुवातीच्या आकड्याच्या वर आला.

रामबागी, तुमच्या आईंच्या मंगळसूत्राविषयी वाचून हसू आले, पण त्यांना रागावू नका. आमच्या पिढीला ते तिथल्या परक्या टेबलावर काढून ठेवायचे जिवावर येते. मी निघतानाच काळ्या मण्यांची साधी, दोऱ्यात ओवलेली पोत घालून जाते.

उत्तर : जुना मास्तर, ग्वाल्हेर

काकूंनी जो क्रम सांगितला त्याला आधार आहे. बिस्फॉस्फोनेट घेऊन झालेल्या स्त्रियांना एका चाचणीत टेरिपॅराटाइड आणि रोमोसोझुमॅब यांपैकी एक दिले, तेव्हा वर्षभराच्या काळात संपूर्ण खुब्यात रोमोसोझुमॅबच्या गटात २.६ टक्के वाढ आणि टेरिपॅराटाइडच्या गटात ०.६ टक्के घट दिसली. डेनोसुमॅबनंतर टेरिपॅराटाइड दिले तर हा परिणाम आणखी वाईट होतो. खुबा काही काळ घसरतो आणि हाताचे हाड तर घसरतच राहते. तीच दोन औषधे उलट क्रमाने, म्हणजे आधी टेरिपॅराटाइड आणि मग डेनोसुमॅब अशी दिली, तर सगळ्या जागी लाभ होतो. म्हणून ‘कोणते औषध भारी’ यापेक्षा ‘कोणत्या औषधानंतर कोणते’ हा प्रश्न खुब्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. रोमोसोझुमॅबचे आकडे मोहक आहेत, परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अॅलेंड्रोनेटपेक्षा त्या गटात हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना थोड्या जास्त आढळल्या. त्यामुळे मागच्या वर्षभरात असा झटका येऊन गेलेल्यांना ते देत नाहीत.

रामबागी, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांकडे पुन्हा गेलो होतो, या वेळी वही घेऊन. समान मणक्यांचा हिशेब त्यांनी स्वतः तपासून पाहिला आणि ३.८ टक्के हाच आकडा आईच्या कागदांवर लिहून घेतला. पाठीचा बाजूचा एक्स-रे काढला. एकही मणका दबलेला नाही. गोळी आहे तीच चालू राहणार आहे. पाच वर्षे झाली की ती थांबवायची का, हे तेव्हाचा खुब्याचा आकडा पाहून ठरवू, असे ते म्हणाले. पुढची तपासणी पहिल्याच केंद्रात करायची, यंत्र बंद असेल तर आठवडाभर थांबायचे.

मावसभावाला डेनोसुमॅबच्या तारखेविषयी फोन करून सांगितले. सासूबाईंचे इंजेक्शन तीन आठवड्यांपूर्वीच व्हायला हवे होते, असे त्याला कॅलेंडर बघितल्यावर कळले. तो आज सकाळी त्यांना घेऊन गेला आहे.